रंगाची साक्ष : स्तनाच्या कर्करोगाची जात कशी ओळखतात?

आमच्या थोरल्या वहिनींचें दुखणें घरांत सर्वांस कळलें तेव्हां पितृपक्ष चालू होता. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व अंगास, जेथें भाताच्या बांध्या संपून सागाचें रान सुरू होतें, अशा एका तालुक्याच्या गांवीं आमचें जुनें घर आहे. लहानमोठीं मिळून सतरा माणसें त्या घरांत नांदतात. वहिनींच्या उजव्या स्तनांत गांठ आहे हें त्यांस स्वतःस सात महिन्यांपासून ठाऊक होतें. परंतु ती दुखत नव्हती, म्हणून आपोआप विरेल, असें त्यांनीं मनाशीं धरलें होतें. स्वयंपाकघरांत वावरतांना त्यांचा हात वरचेवर एकाच जागीं जातो हें धाकट्या जाऊबाईंनीं हेरलें, खोदून विचारलें, आणि मग गोष्ट बाहेर आली.

पुढें काय घडलें तें आम्ही सविस्तर सांगतों, कारण त्या हकीकतींत वाचकांच्या उपयोगाची एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती आम्हांसही पूर्वीं ठाऊक नव्हती.

गांवाजवळच्याच एका दवाखान्यांत गांठीचा लहानसा तुकडा काढण्यांत आला. तो एका अरुंद तोंडाच्या रिकाम्या औषधी बाटलींत कसाबसा कोंबलेला होता, आणि बाटलींतील द्रव जेमतेम तुकडा भिजेल इतकाच होता. तो दिवस शनिवार. रविवारीं प्रयोगशाळा बंद, सोमवारीं सुट्टी. तेव्हां आमच्या पुतण्यानें ती बाटली मंगळवारीं एस. टी. नें शहरांत नेऊन पोंचविली. भाद्रपदांतलें ऊन आमच्याकडे किती कडक असतें, हें विदर्भांतील वाचकांस सांगावयास नको. पंधरा दिवसांनीं अहवाल आला. सगळें घर ओसरीवर जमलें. आमचे काका आयुष्यभर शाळेंत इंग्रजी शिकविलेले. त्यांनीं चष्मा पुसून अहवाल मोठ्यानें वाचला. वर रोगाचें नांव होतें, आणि खालीं तीन ओळींत तीन अपरिचित शब्दांपुढें तीन वेळां ‘निगेटिव्ह’ असें छापलेलें होतें. तें ऐकतांच आमच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, “म्हणजे नाहीं असेंच ना? देव पावला!”

काका कांहीं बोलले नाहींत. त्या तीन नकारांचा अर्थ त्यांस कळला नव्हता, आणि आम्हांसही कळला नव्हता. तो अर्थ मातोश्रींच्या समजुतीच्या अगदीं उलट होता. रोग होताच, नकार होता तो रोगावर चालणाऱ्या कांहीं औषधांच्या उपयोगास. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, तो नकारही पुढें खोटा ठरला.

कर्करोग म्हणजे एकच एक रोग, अशी आपल्या घरांतून समजूत असते. स्तनांतील गांठ ही हातास सारखीच लागते, वैद्यांस कापल्यावर सारखीच दिसते. परंतु तिच्या पेशी कशावर वाढतात, हें प्रत्येक गांठींत सारखें नसतें. याची पहिली चाहूल १८९६ सालीं लागली. ग्लासगो येथील जॉर्ज बीटसन या शल्यवैद्यानें स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रीचे अंडाशय काढून टाकले, आणि गांठी ओसरल्याचें प्रसिद्ध केलें. अंडाशय कोठें आणि स्तन कोठें! तरीही एकाचा पुरवठा तोडतांच दुसरीकडची गांठ आटली. परंतु हा गुण सर्वच स्त्रियांस येईना. कांहींस येई, पुष्कळांस येत नसे. असें कां, याचें उत्तर मिळण्यास आणखी साठ-सत्तर वर्षें लागलीं.

तें उत्तर अमेरिकेंतील एल्वुड जेन्सन या शास्त्रज्ञाच्या संशोधनांतून मिळालें. अंडाशयांतून निघणारा ईस्ट्रोजेन नांवाचा स्राव रक्तांतून सर्व शरीरभर फिरतो. परंतु ज्या पेशींत त्यास धरून ठेवणारें एक विशिष्ट प्रथिन असतें, तेथेंच त्याचा अंमल चालतो. या प्रथिनास ‘ग्राहक’ असें म्हणतात. कुलपांत किल्ली बसावी तसा स्राव या ग्राहकांत बसतो आणि पेशीस वाढण्याची आज्ञा मिळते. ज्या गांठीच्या पेशींत हें कुलूप आहे ती गांठ ईस्ट्रोजेनवर पोसते. ज्या गांठींत तें नाहीं तिला ईस्ट्रोजेन असलें काय आणि नसलें काय, सारखेंच. प्रोजेस्टेरोन नांवाच्या दुसऱ्या स्रावाचाही असाच ग्राहक असतो. तिसरें प्रथिन हर-टू या नांवाचें. तें सर्वसाधारण पेशीच्या पटलावर थोडेंसें असतेंच. परंतु सुमारें पांचांतील एका स्तन-कर्करोगांत त्याचा अतिरेक होतो, आणि मग गांठ झपाट्यानें वाढते. हा संबंध डेनिस स्लेमन व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं दाखवून दिला.

आतां या तीन प्रथिनांची चौकशी कशासाठीं, तें पाहूं. ईस्ट्रोजेनचा ग्राहक गांठींत असेल तर टॅमॉक्सिफेन नांवाची गोळी रोज एक याप्रमाणें पांच वर्षें घेतां येते. ती गोळी त्या कुलपांत जाऊन बसते आणि खऱ्या किल्लीस शिरूं देत नाहीं. ही गोळी जुनी आहे, आपल्या देशांत तयार होते, आणि सामान्य कुटुंबासही परवडते. अशा गांठींच्या बाबतींत पांच वर्षें ती घेतल्यानें या रोगानें येणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण सुमारें एकतृतीयांशानें घटतें, असें हजारों स्त्रियांवरील चाचण्या एकत्र करून सिद्ध झालेलें आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांसाठीं दुसऱ्याही गोळ्या निघाल्या आहेत. हर-टू या प्रथिनाचा अतिरेक असेल, तर १९९८ सालापासून ट्रॅस्टुझुमॅब हें औषध उपलब्ध आहे. तिन्ही प्रथिनें नसतील, तर मात्र या दोन्ही वाटा बंद होतात. मग मुख्यतः शस्त्रक्रिया, क्ष-किरण आणि शिरेंतून दिलीं जाणारीं तीव्र औषधें यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणजे तीन ओळींच्या त्या अहवालावर स्त्रीच्या पुढील पांच-दहा वर्षांचें औषध ठरतें. ज्या स्त्रीस गोळीचा गुण आला असता तिच्या कागदावर चुकून ‘नाहीं’ असें उमटलें, तर ती गोळी तिला कोणी देणार नाहीं. आणि चूक झाली हें कोणास कळणारही नाहीं.

हीं प्रथिनें इतकीं सूक्ष्म, तीं दिसतात कशीं? त्याची रीत मोठी मनोरंजक आहे. गांठीचा तुकडा प्रथम फॉर्मेलिन या द्रवांत बुडवून ठेवतात. त्यायोगें पेशी होत्या त्या स्थितींत खिळून राहतात व कुजत नाहींत. मग मद्यार्कानें त्यांतील पाणी काढून टाकून तुकडा वितळलेल्या मेणांत जिरवतात. थिजलेल्या मेणाच्या त्या ठोकळ्यास प्रयोगशाळेंत ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याचे तीन-चार सहस्रांश मिलिमीटर जाडीचे पापुद्रे धारदार पात्यानें कापून कांचेच्या पट्टीवर बसवतात. नेहमींच्या तपासणींत या पापुद्र्यास दोन रंग देतात. त्यांतील निळाजांभळा रंग हेमॅटॉक्सिलीन हा मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या गाभ्यापासून निघतो. आमच्या रानांतील पळसाच्या फुलांचा रंग आम्ही होळीस खेळतों, तसाच हाही एक झाडाचाच रंग. पण जगांतील बहुतेक रोगनिदान त्याच्यावर चालतें. या रंगांनीं पेशींचा आकार, त्यांची मांडणी आणि कर्करोग आहे कीं नाहीं हें कळतें. परंतु पेशींत कोणतें प्रथिन आहे हें त्यावरून कळत नाहीं.

तें कळण्यासाठीं प्रतिपिंडांचें साहाय्य घेतात. शरीरांत परकें प्रथिन शिरलें म्हणजे रक्त त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतें, आणि तो प्रतिपिंड नेमक्या त्याच प्रथिनास जाऊन चिकटतो. १९४१-४२ च्या सुमारास अमेरिकेंतील अल्बर्ट कून्स यांनीं अशा प्रतिपिंडास चमकणारा रंग जोडला आणि त्याच्याकडून पेशींतील शत्रू ‘दाखवून’ घेतला. १९७५ सालीं कोलर आणि मिल्स्टाइन यांनीं एकाच जातीचे, एकाच लक्ष्यावर जाणारे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची युक्ति शोधली; त्याबद्दल त्यांस १९८४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज सशापासून किंवा उंदरापासून असे प्रतिपिंड तयार करून तीन प्रथिनांसाठीं तीन पट्ट्यांवर घालतात. चिकटलेल्या प्रतिपिंडावर दुसरा प्रतिपिंड बसतो, आणि त्यास हॉर्सरॅडिश नांवाच्या तिखट मुळींतून काढलेलें एक पाचक द्रव्य जोडलेलें असतें. पूर्वीं हिंदुस्थानांतील इंग्रज लोक या मुळीच्या जागीं आपल्या शेवग्याची मुळी किसून खात असत, यावरून तिच्या तिखटपणाची कल्पना येईल. या द्रव्याच्या योगानें शेवटीं घातलेल्या रसायनाचा तपकिरी रंग उमटतो. जेथें प्रथिन, तेथें तपकिरी. जेथें नाहीं, तेथें निळा. एवढाच या विद्येचा सारांश. तिला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, संक्षेपानें आय. एच. सी., असें म्हणतात.

यांतील एक पायरी आमच्या भगिनींस विशेष गमतीची वाटेल. फॉर्मेलिनमुळें प्रथिनांचीं तोंडें जणूं शिवलीं जातात. तीं उकलण्यासाठीं त्या पट्ट्या विशिष्ट क्षाराच्या पाण्यांत उकळाव्या लागतात. अनेक प्रयोगशाळांतून या कामीं आपल्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकर वापरतात. वरणभाताच्या कुकरानें कर्करोगाची जात ओळखण्यास मदत व्हावी, ही गोष्ट आम्हांस मोठी समाधानाची वाटली.

ईस्ट्रोजेनचा ग्राहक पेशीच्या केंद्रकांत असतो. शंभर केंद्रकांपैकीं एक जरी तपकिरी झालें, तरी गांठ ग्राहकयुक्त मानण्याचा दंडक २०१० सालापासून आहे. मात्र एक ते दहा टक्के असल्यास तसें वेगळें नमूद करतात, कारण अशा गांठीस गोळीचा गुण कितपत येईल याची खात्री कमी असते. हर-टू पेशीच्या पटलावर असतें, म्हणून तेथें रंग जाळीसारखा दिसतो. त्यास शून्य ते तीन असे अंक देतात. तीन म्हणजे निश्चित होकार, शून्य व एक म्हणजे नकार, आणि दोन म्हणजे संशय. दोन आल्यास ‘फिश’ नांवाची आणखी एक तपासणी करावी लागते.

या शास्त्राशीं मराठी माणसांचा संबंध जुना आहे. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, तेव्हांपासून तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर या थोर विकृतिशास्त्रज्ञांनीं वाहिली. त्यांच्या हाताखालीं कमल रणदिवे या पुण्याच्या कन्येनें संशोधन केलें. माहेरच्या त्या समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजांत जीवशास्त्राचे प्राध्यापक, आणि शिक्षण हुजूरपागेंत. मुलीनें डॉक्टर व्हावें अशी वडिलांची इच्छा होती. तिनें मात्र आधीं सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला, आणि लग्न होऊन मुंबईस गेल्यावर कर्करोगाकडे वळली. कांहीं जातींच्या उंदरांस स्तनाचा कर्करोग वारंवार होतो आणि कांहींस होत नाहीं, याचें कारण काय, हा कमलाबाईंच्या आवडीचा प्रश्न होता. १९४९ सालीं त्यांस मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. आनुवंश, अंतःस्राव आणि स्तनाचा कर्करोग यांची सांगड घालणाऱ्या आरंभींच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण देण्यांत आलें. २००१ सालीं त्या निवर्तल्या. गांठ सगळीकडे सारखी नसते, हें आज आपण सहज म्हणतों. त्या वाक्यामागें अशा बायकांचीं चाळीस-चाळीस वर्षें खर्चीं पडलेलीं आहेत.

त्याच टाटा रुग्णालयाच्या अनुभवांतून आमच्या हकीकतीचा उलगडा होतो. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील एका लेखांत ७९८ गांठींचा हिशेब होता. त्यांपैकीं ईस्ट्रोजेनचा ग्राहक सुमारें एकतृतीयांश गांठींतच आढळला. पाश्चात्त्य देशांत हेंच प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास असतें. पुढें तपासणीच्या रीती सुधारत गेल्या, तसतसें आपल्याकडचेंही प्रमाण निम्म्यावर गेलें. आजही भारतांत तिन्ही प्रथिनें नसलेल्या गांठी सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतक्या सांगतात. पाश्चात्त्य देशांत त्या दहा ते पंधरा टक्केच असतात. आपल्याकडे हा रोग तरुण वयांत अधिक दिसतो, हें त्याचें एक खरें कारण असावें. परंतु दुसरें कारण रोगांत नसून बाटलींत आहे, असा तज्ज्ञांचा बऱ्याच काळापासूनचा संशय आहे.

बाटलींत म्हणजे कसें? शरीरांतून निघालेला तुकडा रक्तावांचून पडला कीं त्यांतील प्रथिनें हळूहळू विघडूं लागतात. उन्हाळ्यांत तर अधिकच. म्हणून तुकडा निघाल्यापासून एका तासाच्या आंत तो फॉर्मेलिनमध्यें पडला पाहिजे. फॉर्मेलिन मांसांत तासाला सुमारें एक मिलिमीटर या मंद गतीनें शिरतें. म्हणून मोठी गांठ अखंड बुडवून भागत नाहीं, जाणत्या हातानें तिच्या पातळ चकत्या कराव्या लागतात. फॉर्मेलिन तुकड्याच्या निदान दसपट असावें, बाटलीचें तोंड रुंद असावें. आणि तुकडा फॉर्मेलिनमध्यें सहा तासांहून कमी राहूं नये व बहात्तर तासांहून अधिक राहूं नये, असा जगभर मान्य झालेला नियम आहे. फॉर्मेलिनही साधें नव्हे, योग्य क्षार घालून आम्लता मारलेलें, शेंकडा दहा या प्रमाणाचें लागतें. नुसत्या सलाइनमध्यें ठेवलेला तुकडा तर या तपासणीच्या दृष्टीनें जवळजवळ वाया गेलाच म्हणावयाचा. प्रथिन पेशींत होतें. पण प्रतिपिंड तेथें पोंचेपर्यंत तें नासून गेलें. मग पट्टी निळीच राहते, आणि कागदावर उमटतें ‘निगेटिव्ह’.

आमच्या वहिनींच्या बाबतींत हेंच घडलें होतें. नागपुरास ज्या वयस्क डॉक्टरीणबाईंकडे आम्हीं त्यांस नेलें, त्यांनीं आधींच्या पट्ट्या मागवून सूक्ष्मदर्शकांतून पाहिल्या आणि पुतण्यास जवळ बोलावून दाखविल्या. गांठीच्या कडेस थोडा निरोगी स्तनाचा भाग आलेला होता. निरोगी दुग्धनलिकांच्या पेशींत ईस्ट्रोजेनचा ग्राहक थोडाफार असतोच. म्हणजे त्या तरी तपकिरी दिसावयास हव्या होत्या. पण त्याही निळ्याच होत्या. “घरच्या साक्षीदारानेंच तोंड उघडलें नाहीं,” बाई म्हणाल्या, “मग चोर नाहीं असें कसें म्हणायचें? ताई, या कागदावर माझा विश्वास नाहीं. आपण पुन्हां तपासूं.” जाड सुईनें गांठींतून नवे तुकडे काढले; ते त्याच क्षणीं रुंद बाटलींतल्या फॉर्मेलिनमध्यें पडले, आणि दुसऱ्या दिवशीं पुढील कामास लागले. या वेळीं अहवालांत ईस्ट्रोजेनच्या ओळीपुढें शेंकडा ऐंशी असें लिहिलेलें होतें.

आमच्या गांवाहून नागपूर गांठणें एका दिवसाचें काम आहे. परंतु आमच्याही पलीकडे, वैनगंगा ओलांडून गडचिरोलींत शिरल्यावर काय अवस्था असेल, याचा वाचकांनीं विचार करावा. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झालेला हा जिल्हा बहुतांशीं अरण्यमय आहे. भामरागड तालुक्यांतील माडिया स्त्रीस जिल्ह्याचें ठिकाणच दीडशें किलोमीटरांहून दूर पडतें, आणि पावसाळ्यांत पर्लकोटा नदीस पूर आला म्हणजे गांवचा संबंध तुटतो. अशा ठिकाणाहून निघालेल्या बाटलीस बहात्तर तासांचा हिशेब कोण ठेवणार?

अंतर हें एक, आणि लाज हें दुसरें. १९८६ सालापासून गडचिरोलींत काम करणारे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकांत प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वीं कधीं तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ती पाहणी गर्भाशयादि अवयवांच्या रोगांची होती, स्तनाच्या कर्करोगाची नव्हे. पण स्त्री आपलें दुखणें किती सोसते व किती झांकते, याचें तें मोजून दिलेलें माप आहे. आणि हें केवळ रानांतल्या निरक्षर स्त्रियांचेंच आहे, असें आम्हीं म्हणावें तर आमच्या पदवीधर वहिनी सात महिने गप्प राहिल्याच कीं नाहीं? आमच्या घरांत वर्तमानपत्रें येतात, मुली डॉक्टर होतात. तरी स्तन हा शब्द आमच्या माजघरांत मोठ्यानें उच्चारला जात नाहीं.

सुदैवानें परिस्थिति पालटत आहे. चंद्रपुरास २०१५ सालापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि टाटा ट्रस्टच्या सहभागानें तेथें कर्करोगाचें रुग्णालयही उभें राहिलें आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. तीस वर्षांवरील स्त्रियांचे स्तन शिकविलेल्या आरोग्यसेविकेनें वेळोवेळीं हातानें तपासावे, असा सरकारी कार्यक्रमही आहे. या साध्या हाताच्या तपासणीचा उपयोग किती, हें टाटा रुग्णालयानें मुंबईंतील दीड लाखांवर स्त्रियांवर वीस वर्षें चाचणी करून २०२१ सालीं दाखविलें. पन्नाशीवरील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगानें होणारे मृत्यू त्यामुळें जवळजवळ तीस टक्क्यांनीं घटले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. शिकवून तयार केलेल्या साध्या स्त्रिया होत्या. जें मुंबईच्या वस्त्यांतून साधलें, तें मुलचेरा किंवा सिंदेवाही येथें साधूं नये असें कांहीं नाहीं.

परंतु गांठ लवकर सांपडली आणि बाटली बिघडली, तर अर्धें काम फुकट. म्हणून जंगलभागांतील प्रत्येक लहान दवाखान्यांत, जेथें गांठीचा तुकडा काढला जातो तेथें, रुंद तोंडाची, योग्य फॉर्मेलिननें भरलेली बाटली आधींच तयार असावी आणि तिच्यावर तुकडा निघाल्याची वेळ लिहावी, एवढी मागणी फार मोठी नाहीं. यंत्रें नागपुरास असोत वा मुंबईस. ही बाटली मात्र सिरोंच्यास, एटापल्लीस आणि आमच्या गांवींच हवी. लाखांचें औषध मिळणें न मिळणें ज्यावर अवलंबून, ती वस्तु कांहीं रुपयांची आहे.

घरच्या माणसांनींही कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. तुकडा काढण्यापूर्वींच डॉक्टरांस नम्रपणें विचारावें कीं, बाटली व फॉर्मेलिन तयार आहे ना, आणि ती केव्हां व कोणाबरोबर जाणार. शनिवार असेल व घाई नसेल, तर सोमवारीं काढला तरी चालेल का. अहवाल आल्यावर ‘पॉझिटिव्ह’ व ‘निगेटिव्ह’ या शब्दांस आनंदाचे किंवा दुःखाचे शब्द समजूं नये. कोणतें प्रथिन आहे व कोणतें नाहीं, एवढाच त्यांचा अर्थ. तिन्ही नकार आले, तर निरोगी भागास रंग चढला होता का, हें विचारण्यास संकोच करूं नये. पुष्कळदां नकार खराच असतो, पण तो तपासून घेण्याचा हक्क रोग्यास आहे. हर-टू पुढें दोन हा अंक असेल, तर पुढील तपासणी राहून गेली नाहीं ना, हें पाहावें. आणि मेणाचा तो ठोकळा व पट्ट्या घरच्या दस्तऐवजांइतक्याच मोलाच्या समजाव्यात. त्या वर्षानुवर्षें टिकतात, आणि दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतांना मागून नेतां येतात.

वहिनींची शस्त्रक्रिया झाली, औषधें झालीं, केस गेले आणि पुन्हां आले. त्या गोळीचें हें त्यांचें चौथें वर्ष. तिचा त्रास नाहीं असें नव्हे. अंगांतून वाफा निघतात, रात्रीं झोंप मोडते. पण सकाळीं तुळशीस पाणी घालून आल्या कीं त्या गोळी घेतात, आणि चुकल्यास नातवंडें आठवण देतात. परवां आम्ही हा लेख त्यांस वाचून दाखविला. आमचें नांव घालूं नका, एवढेंच आधीं त्या म्हणाल्या. मग बाटलीचा मजकूर पुन्हां एकदां वाचावयास सांगून ऐकला, आणि म्हणाल्या, “अहो, यांत कठीण तें काय? कैरीच्या फोडीवर तेल न आलें तर लोणच्याला बुरा येतो, हें तर आमच्या सुनेलाही कळतं. बरणी मोठी हवी, फोडी बुडाल्या पाहिजेत, आणि वेळेवर झांकण लागलं पाहिजे. माझ्या तुकड्याची एवढीही काळजी कुणी घेतली नव्हती, इतकंच.”

याहून अधिक स्पष्ट शब्दांत आम्हांस तें सांगतां आलें नसतें.